पट्ट्यावरची जाळी

त्या कपड्याच्या कंपनीचा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटला तर त्याला काय काय ऐकवायचं, याची माझी तयारी मात्र पक्की आहे. एसटीत बसले की मी तिची उजळणी करते. शेजारची बाई माझ्याकडे बघत राहते, कारण माझे ओठ हलतात.

मी शिरपूर तालुक्यातली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग मिलला बाया पुरवणारी मुकादम. बाईने मुकादमी करणं आमच्याकडे लोकांना अजून पचत नाही, पण माझी चालली, कारण मला भाव करता येतो. आधी मी स्वतः मिलमध्ये सरकी झाडत होते. तेव्हाचा मुकादम आमच्यासाठी बोलायला म्हणून शेठजींच्या ऑफिसात जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. एकदा मी त्याच्या पाठोपाठ आत शिरले आणि त्याच्यादेखत बोलले. पुढच्या हंगामात बाया त्याच्या टेम्पोत चढल्या नाहीत, माझ्या टेम्पोत चढल्या.

भाव करायची माझी एक रीत आहे. हवं त्याच्यापेक्षा मोठं मागायचं, रागाने मागायचं, आणि समोरचा घाबरला की हवं तेवढ्यावर यायचं. मिलमध्ये बायांच्या संडासाला दार नव्हतं, पोतं टांगलेलं होतं. मी दार मागितलं नाही. दोन नवे संडास आणि वर पाण्याची टाकी मागितली, आणि नसेल जमत तर उद्यापासून बठ्ठ्या, एकूण एक बाया तुमच्या बंगल्यावर येतील म्हणाले. शेठजी मारवाडी, तीन-चार पिढ्यांपासून इथले, माझ्यासारख्या पुष्कळांना पुरून उरलेले. ते हसले. दार लागलं, आतल्या कडीसकट. टाकीचं नाव मी पुन्हा काढलं नाही. सौद्यात काही तरी सोडावं लागतं, नाही तर समोरच्याला आपण हरलो असं वाटतं आणि तो पुढच्या वेळी दारात उभं करत नाही.

अक्काचा हात गेला तो मुहूर्ताच्या दिवशी.

अक्का माझी सख्खी बहीण नाही. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून मोठी, टोळीतली सगळ्यात जुनी बाई. मी सरकी झाडायला लागले तेव्हा डोक्याला रुमाल कसा बांधायचा ते तिने शिकवलं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायचा, पदर आत खोचायचा, बांगड्या काढून ठेवायच्या. एवढी सावध बाई.

आमच्याकडे जिनिंगचा हंगाम नवरात्रात उघडतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी मशीन पुसून लख्ख करतात, आणि पट्टा व पुलीवरची लोखंडी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवतात, कारण हळदकुंकू थेट यंत्राला लागलं पाहिजे. झेंडूच्या माळा चढतात. पूजा झाल्यावर त्या दिवसापुरती जाळी परत लावत नाहीत. देव झाकायचा नाही, असं म्हणतात. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते कोणालाच माहीत नाही, पण मी पाहिलेल्या प्रत्येक मिलमध्ये म्हणतात. मग शेठजी नारळ फोडतात, मुहूर्ताचा कापूस टाकतात आणि बटण दाबतात. थोडा वेळच चालवायचं असतं. पेढे वाटले की बंद.

त्या वर्षी माळ सैल बांधलेली होती. पट्टा फिरायला लागला तसं माळेचं एक टोक सुटून हेलकावे घेऊ लागलं. मुहूर्ताला देवाची माळ यंत्रात गेली तर हंगाम वाईट जातो, अशी समजूत आहे. अक्का सगळ्यात जवळ उभी होती. तिने माळ वाचवायला हात पुढे केला.

बटण लगेच बंद झालं, कुणी हयगय केली असं मी म्हणणार नाही. पण उजवा हात कोपरापर्यंत गेला. माळ वाचली. धावपळीत ती कोणी तरी उचलली आणि परत मशीनवर ठेवली. आम्ही अक्काला घेऊन धुळ्याला निघालो तेव्हा मशीन झेंडूने सजलेलीच होती.

पेपरात चार ओळी आल्या, महिला कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. दवाखान्याचं शेठजींनी केलं. भरपाईचा दावा धुळ्यात लागला, त्याला तारखा पडतात. एवढ्यापर्यंतचं सगळं मला ओळखीचं होतं. या सगळ्याशी कसं भांडायचं ते मला येतं. माणसं समोर असतात, त्यांची दारं माहीत असतात. नंतर जे झालं त्याच्याशी कसं भांडायचं हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या मिलची रुई सूतगिरणीत जायची आणि तिथलं सूत एका मोठ्या परदेशी कपड्याच्या कंपनीला. त्या कंपनीचा एक चकचकीत कागद ऑफिसच्या भिंतीवर लावलेला होता, हसणाऱ्या बायांचं चित्र आणि खाली कामगारांचे हक्क, इंग्रजीत आणि हिंदीत. त्यातल्या बायांनी साडीवर शर्ट घातलेले नव्हते, मोकळे केस होते. अक्का म्हणायची, "ह्या कोन्त्या जिनमा काम करतस व माय?"

अपघाताची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांनी आमच्या मिलचं नाव काढून टाकलं. शेठजींनी मला मेल वाचून दाखवला, वाचता वाचता मराठीत सांगत. कंपनी माणसांच्या सुरक्षेबाबत तडजोड करत नाही, म्हणून या मिलची रुई त्यांच्या कपड्यात यापुढे चालणार नाही.

"आणि अक्का?" मी विचारलं.

"अक्काचं काही लिहिलेलं नाही."

"नीट बघा. खाली असेल."

"खाली त्यांची सही आहे, बाई."

कोणी आलं नाही. कोणी फोन केला नाही. एका बाईचा हात गेला म्हणून त्यांनी तिची मिल बंद पाडली, बाकीच्या बायांचं काम घालवलं, आणि त्यांच्या वहीत हे पुण्य म्हणून जमा झालं असणार. सूतगिरणीने पाठ फिरवली. त्या हंगामात मिलचं फाटक पुन्हा उघडलंच नाही. माझ्या टोळीतल्या बाया पोराबाळांसकट कापूस वेचायला गुजरातेत गेल्या. तिथे शेतातच ताडपत्रीखाली राहायचं. एक जण तिकडेच साप चावून गेली. तिच्या नावाने कोणी मेल पाठवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

अक्का मागे राहिली. एका हाताने कापूस वेचता येतो, पण मुकादम एका हाताची बाई टेम्पोत घेत नाही. मी शेठजींशी भांडून एक शब्द घेऊन ठेवला होता. मिल परत चालू झाली की अक्काला फाटकाशी बसवायचं, बायांची लहान पोरं सांभाळायला आणि पाणी द्यायला. शेठजी म्हणाले, "कबूल. पण मिल चालू झाली तर. या नवरात्रापर्यंत मोठं गिऱ्हाईक परत आलं नाही तर मी मशीन विकून मोकळा होणार आहे." मी बायांना गल्लीत उभी राहून सांगितलं, या वर्षी गुजरात नाही. मी काही तरी करते.

तेवढ्यात ती मीटिंग आली.

अक्काचा दावा बघणाऱ्या संस्थेतल्या एका मॅडमनी सांगितलं. कंपन्यांनी धंदा करताना माणसांचे हक्क कसे सांभाळायचे, याचा देशाचा एक आराखडा होतोय. मसुदा तयार आहे, तो सुधारायचा म्हणून ठिकठिकाणी लोकांना बोलावताहेत. जळगावला एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक आहे, तुम्ही दोघी या.

श्रावणातले दिवस होते. शिरपूरहून धुळे, धुळ्याहून जळगाव. अक्काने दुमडलेली बाही सेफ्टी पिनने टाचली होती आणि वरून पदर. एसटीत ती म्हणाली, "तू ओठ हालावू नको व. लोके पागल म्हनतीन."

हॉलमध्ये एसी इतका की अक्का कुडकुडत होती. जिनिंगवाले, डाळमिलवाले, चटईवाले, संस्थांची माणसं, एक-दोन सरकारी अधिकारी. मॅडम पडद्यावरून एकेक वाक्य वाचायच्या आणि लोक सुचवायचे. एक वाक्य असं होतं की जिथे कामगारांच्या हक्कांचा गंभीर भंग आढळेल तिथे कंपन्यांनी त्या पुरवठादाराशी व्यवहार ताबडतोब थांबवावा. हॉलभर टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी फट फट आवाज आला. अक्का डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होती.

"काबं वाजाडी राहिनी तू?"

"बठ्ठा वाजाडी राहिनात ना."

मी उभी राहिले. माइक यायच्या आधीच बोलले. म्हणाले, हे वाक्य काढा आणि तिथे लिहा की एकदा ज्या मिलचा माल घेतला तिला कंपनीने कधीच सोडायचं नाही. कधीच नाही. नवऱ्याला सोडता येतं, मिलला नाही.

लोक हसले. एक झब्बेवाले कार्यकर्ते उठले. "ताई, म्हणजे वाईट मालकांना तुम्ही अभयदान देताय."

एक जिनिंगवाले भाऊ जोरात टाळ्या वाजवायला लागले. मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही वाजवू नका, भाऊ. तुमचं पुढच्या वाक्यात आहे."

मग मी अक्काला उभं केलं आणि झालं ते सगळं सांगितलं. माळ, पट्टा, मेल. सांगताना माझा आवाज चढत गेला, तो मला उतरवता आला नाही. समोरचे अधिकारी पेन खाली ठेवून ऐकत होते, हेही खरं आहे. मॅडम अक्काजवळ माइक घेऊन आल्या. "अक्का, तुम्हाला काय वाटतं? आराखड्यात काय असावं?"

अक्काने माइककडे पाहिलं, मग अधिकाऱ्यांकडे. "मिल कव्हय चालू व्हई?"

अधिकाऱ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मग मॅडम म्हणाल्या, "ते आपण इथे ठरवू शकत नाही, अक्का."

अक्का खाली बसली. तिचं झालं होतं. माझं व्हायचं होतं. मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, व्यवहार तोडण्याआधी कंपनीने तिथल्या कामगारांना विचारलं पाहिजे, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून निघेपर्यंत कंपनीला निघून जाता येणार नाही. दुसरी, चालू यंत्रावरची जाळी काढायची नाही. पूजेलाही नाही.

दुसऱ्या मागणीला लोक पुन्हा हसले, वाईट हेतूने नाही. एक अधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, हा देशाचा आराखडा आहे. इतकं बारीक यात येत नाही. त्याला कारखान्यांचे नियम आहेतच."

"नियम होते तेव्हाच हात गेला, साहेब."

"बरोबर आहे. पण प्रत्येक मशीनची जाळी आपण इथे लिहायला लागलो तर…"

समोरचा नरम झालाय हे मला कळतं. आता त्याला काही तरी सोडून दिलं की तो बाकीचं देतो. मी म्हणाले, बरं, जाळी राहू द्या. पण पहिलं वाक्य मला पडद्यावर दिसलं पाहिजे, आत्ता. झब्बेवाले माझ्या बाजूला आले. मॅडमनी माझ्यासमोर टाइप केलं. कामगारांना विचारल्याशिवाय आणि नुकसान भरून दिल्याशिवाय व्यवहार तोडू नये. पडद्यावर ते एवढं मोठं दिसत होतं की मला रडू यायचं बाकी होतं. परतीच्या गाडीत मी अक्काला दोनदा सांगितलं की आपण जिंकलो. अक्का म्हणाली, "मंग चालू व्हई."

मी नाही म्हणाले नाही.

नवरात्राच्या थोडं आधी मॅडमनी सुधारलेलं वाक्य मोबाइलवर पाठवलं. आता त्यात लिहिलं होतं की कंपन्यांनी शक्य असेल तेथे कामगारांचे म्हणणे विचारात घेण्याचा प्रयत्न करावा. नुकसान भरून देण्याचं त्यात नव्हतं. मी फोन लावला.

"हे 'शक्य असेल तेथे' कोणी घातलं?"

"वरती गेल्यावर झालं, ताई. मी भांडले, खरंच भांडले. अजून अंतिम नाहीये. पुढच्या फेरीत पुन्हा मांडू."

"पुढची फेरी कधी?"

"कळवतील."

त्या बाईवर ओरडून उपयोग नव्हता, तरी मी ओरडले. तिने फोन ठेवला नाही, ऐकून घेतलं. माझा आवाज बसल्यावर ती म्हणाली, "ताई, आणि हा नुसता आराखडा आहे. कायदा नाही. अंतिम झाला तरी त्यावरून मिल उघडणार नाही, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्याच आठवड्यात बाया गुजरातेत गेल्या. दुसऱ्या मुकादमाचा टेम्पो सकाळीच गल्लीत लागला. मी ओट्यावर उभी होते. कोणी मला बोल लावला नाही. एक जण चढता चढता म्हणाली, "मुकादमीनबाई, दसऱ्याले सोनं द्याले येशी का तिकडे?" सगळ्या हसल्या, मीही हसले. टेम्पो वळल्यावर मी घरात गेले आणि भांडी उगीच पुन्हा घासली.

मग शेठजींचा निरोप आला की मशीन जाताहेत. काही सामान असेल तर घेऊन जा. मी अक्काला घेऊन गेले. बायांचे शर्ट, रुमाल, एक चूल, पोरांच्या झोळीचे दोर, एवढंच आमचं तिथे होतं.

अंगणात ट्रक आणि क्रेन उभी. घेणारा जामनेरकडचा माणूस, चाळिशीचा, स्वतः अंगमेहनत करणारा, हात काळे झालेले. तिकडे नवीन जिन टाकत होता. मशीन साखळीला लटकून वर गेली. अक्का शांतपणे बघत होती. ती मशीन कोणती ते मला विचारावं लागलं नाही.

भिंतीला जाळी टेकवलेली होती. अपघाताच्या दिवशी ठेवली तिथेच, तशीच, कोळिष्टकं धरलेली. मिल त्यानंतर चाललीच नव्हती, मग लावणार कोण.

"भाऊ, ही राहिली," मी म्हणाले.

"राहू दे ताई. ट्रकमा जागा नही."

"मशीनची आहे ती."

"तिकडे नवी करी लेसू. ही जड शे, गंजेल शे."

"नवी केव्हा करशील?"

"करसू ना. हंगाम चालू व्हवू दे."

माझं डोकं भडकलं. आयुष्यभर मी लोकांकडून वस्तू काढून घेण्यासाठी भांडले होते. द्यायला भांडायची ही पहिलीच वेळ. "फुकट देतेय मी. उचल."

"फुकट बी नको, ताई. काय सोनानी शे का?"

त्याची माणसं हसली. शेठजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, ते जमिनीकडे बघत होते. मी ट्रकसमोर उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मला अक्काचा हात दाखवता आला असता, सांगता आलं असतं. पण माझा गिऱ्हाइकांचा अनुभव मोठा आहे. दुसऱ्याच्या हाताची गोष्ट ऐकून माणूस हळहळतो आणि जागा नाही म्हणतो. त्याला स्वतःचं काय जाईल ते सांगावं लागतं.

"भाऊ, नवमी चार दिवसांवर आली. तुझ्या नव्या जिनचा पहिला मुहूर्त. अपुरं यंत्र पूजेला मांडणार तू?"

तो थांबला. "अपुरं कसं?"

"अंगावरचं एक काढून ठेवलंय त्याचं. विचार शेठजींना. त्यांनी मुहूर्ताला ती तशीच ठेवली होती. बघ, मिलचं काय झालं ते."

हे मी मोठ्याने बोलले. शेठजींनी मान वर केली. मग त्या माणसाला म्हणाले, "घेऊन जा, भाऊ. ती म्हणते ते खरं आहे."

माणसं हलेनात, म्हणून मीच जाळीचं एक टोक धरलं. दुसरं अक्काने डाव्या हाताने धरलं. मग लाज वाटून दोघे पुढे आले. जाळी पोत्यांच्या मधे उभी सारली, दोराने बांधली. तो माणूस वाकून अक्काच्या पाया पडला, का ते त्यालाही माहीत नसावं. ट्रक महामार्गाकडे वळला. मी हात झटकले. मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. सगळं बुडालं होतं, तरी एक सौदा मी जिंकले होते.

फाटकाबाहेर दगडावर बसून आम्ही रिक्षाची वाट पाहत होतो. अक्काच्या बोटांना गंज लागला होता, तो ती लुगड्याला पुसत होती.

"लावी ना व तो?" ती म्हणाली.

"लावेल. घाबरलाय तो. पूजा म्हटल्यावर लावणारच."

अक्का पुसत राहिली. गंज निघत नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन पूजाना टाइमले तर काढतीनच ना."

रिक्षा आली तेव्हा मी आधी तिला चढवलं.